किल्लारीच्या आठवणी गोळा करतेय – एकाच घरातल्या दोघींचं दोन तऱ्हेचं निघालं तर कुणाचं खरं धरायचं?

तेरणाकाठची

नमस्कार मंडळी. माझं माहेर औसा तालुक्यातलं. 1993 च्या भूकंपानंतर ज्या 52 गावांचं पूर्ण पुनर्वसन झालं त्यांतलं एक. आमच्या नव्या गावठाणात छोटं वाचनालय आहे. 30 सप्टेंबरच्या पहाटेच्या आठवणी गावातल्या माणसांच्या तोंडून नोंदवून तिथं ठेवाव्यात असं ठरलं आणि काम माझ्याकडं आलं. ज्यांनी ती पहाट जाणत्या वयात पाहिली ते आता साठी-सत्तरीच्या पुढं आहेत. बरेच गेलेही. म्हणून घाई आहे. फोनवर रेकॉर्ड करते आणि मग वहीत उतरवते.

अडचण अशी की सांगणं जुळत नाही. माझी चुलती म्हणते, मिट्ट काळोख होता, हाताला हात दिसत नव्हता, कण्हण्याच्या आवाजावरून माणसं शोधली. त्याच घरातली माझी आत्या म्हणते, लख्ख चांदणं होतं, समोरच्या पडलेल्या माळवदावरून उठणारी धूळ पांढरीफेक दिसत होती. दोघी शपथेवर सांगायल्यात. माझ्या चुलत भावानं लगेच हिशेब मांडला: आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन झालेलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. अंधार असेलच कसा? "काकू मनानं सांगायलीय" असं तो तिच्या तोंडावर म्हणाला. त्या बाईची दोन लेकरं त्या ढिगाखाली गेली. ती उठून आत गेली आणि परत रेकॉर्डिंगला बसायला तयार नाही.

दुसरं. आमच्या शेजारचे एक तात्या (वय आता ऐंशीच्या पुढं) ठामपणे सांगतात की भूकंपाच्या आदल्या संध्याकाळीच धक्का बसला होता, उतरंडीवरची मडकी खाली आली, "धरणीनं सांगून ठेवलं होतं, आपणच ऐकलं नाही." बाकी कुणालाही तो संध्याकाळचा धक्का आठवत नाही.

मला विचारायचंय ते इतकंच: अशा वेळी वहीत काय लिहायचं? मी इतिहास शिकलेली नाही आणि मानसशास्त्रही नाही. पण हे काम नीट व्हावं असं फार वाटतं.

औसा_रोड

ताई, निवाडा करण्याआधी एक विचारा. चुलती कुठं झोपलेल्या होत्या आणि आत्या कुठं?

पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. त्या वेळी चौदशी-पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला बराच खाली कललेला असतो. आपल्याकडची जुनी घरं तुम्हाला ठाऊकच आहेत. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती, वर लाकडावर मातीचा थर दिलेलं माळवद, खिडकी नावाला, गल्ली इतकी अरुंद की बैलगाडी जेमतेम जावी. त्या भिंती आणि ती माती खाली आल्यावर किती वेळ धुळीचा लोट उभा राहिला असेल! आत सापडलेल्या माणसाला चंद्र असून काय उपयोग?

तेरणाकाठची

आत्या अंगणात बाजेवर होती. विसर्जनाहून उशिरा आली आणि उकडतंय म्हणून बाहेरच झोपली, त्यामुळंच वाचली. चुलती आतल्या खोलीत. तिला काढलं तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं म्हणतात.

औसा_रोड

मग दोघीही खरं सांगतायत. तुमच्या भावाला हे नक्की सांगा.

हुरडा

+1. वाचून अंगावर काटा आला.

गोदाकाठचा_मास्तर

नांदेडला मानसशास्त्र शिकवतो. हा धागा पाहून राहवलं नाही, त्यामुळं जरा सविस्तर लिहितोय.

चांदण्याच्या गोष्टीसारखीच एक प्रसिद्ध गोष्ट स्मृतीच्या अभ्यासात आहे. उल्रिक नायसर हे या विषयातले मोठे संशोधक. 7 डिसेंबर 1941 ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा ते लहान होते. त्यांना पक्कं आठवायचं की आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो आणि मध्येच बातमी आली. कित्येक वर्षांनी त्यांच्याच लक्षात आलं की अमेरिकेत डिसेंबरात बेसबॉल खेळत नाहीत. 1982 मध्ये त्यांनी हे उदाहरण आठवण कशी फसवते ते दाखवायला छापलं. पण पुढं 1986 मध्ये दुसऱ्या दोन अभ्यासकांनी शोधून काढलं की त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये फुटबॉलचा सामना होता आणि दोन्ही संघांची नावं प्रसिद्ध बेसबॉल संघांचीच होती. म्हणजे रेडिओ खरा, सामना खरा, मध्येच आलेली बातमी खरी. खेळ तेवढा बदलला. पंचांग किंवा कॅलेंडर लावून आठवण तपासणं चांगलंच आहे, पण ती न जुळली की लगेच अख्खी आठवण मोडीत काढायची नाही.

ही मोडतोड का होते? केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्ये याची मांडणी केली. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही वेळानं, काही दिवसांनी, काहींना तर वर्षांनी ती परत सांगायला लावली. दर वेळी कथा आखूड होत गेली आणि वाचकांच्या ओळखीच्या जगाकडं सरकत गेली. लाकूड कोरून केलेल्या होड्यांच्या साध्या नावा झाल्या, सीलची शिकार जाऊन मासेमारी आली, भुतांचा भाग गळाला. मुद्दाम कुणीच बदल केला नव्हता. आपल्याकडचा कीर्तनकार आख्यान लावतो ना, तसंच हे आहे. प्रसंगांचा सांगाडा त्याला पाठ असतो, मधली भर तो त्या रात्री, त्या श्रोत्यांपुढं नव्यानं घालतो आणि ऐकणाऱ्याला जोड कुठं आहे ते कळत नाही. आठवताना मेंदू हेच करतो. फरक इतकाच की कीर्तनकाराला आपण भर घातल्याचं माहीत असतं.

आता धक्कादायक प्रसंगांविषयी. 1977 मध्ये ब्राउन आणि कुलिक यांनी असं मांडलं की मोठी धक्कादायक बातमी मनावर फोटोसारखी उमटते. नायसर यांनी निकोल हार्श यांच्यासोबत ते तपासलं. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठं कळली, कुणी सांगितली, तुम्ही काय करत होता. अडीच-एक वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना पुन्हा विचारलं. 11 जणांचं एकही मुख्य उत्तर जुळलं नाही. पूर्ण जुळलेले फक्त 3. आणि चुकलेल्यांचा आत्मविश्वास अजिबात कमी नव्हता. त्यांचाच हस्ताक्षरातला कागद पुढं ठेवला, तरी जुनी आठवण परत आली नाही.

पण इथं थांबू नका. ताईंच्या कामाला सगळ्यात जवळचा अभ्यास वेगळाच आहे. 17 ऑक्टोबर 1989 ला कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा भूकंप झाला. नायसर आणि सहकाऱ्यांनी भूकंप स्वतः अनुभवलेल्यांच्या आणि दूर अटलांटात नुसती बातमी ऐकलेल्यांच्या आठवणी नोंदवल्या आणि दीडेक वर्षानं परत विचारल्या. अटलांटावाल्यांच्या आठवणी बऱ्यापैकी सरकल्या होत्या. कॅलिफोर्नियावाल्यांच्या जवळपास जशाच्या तशा होत्या. जो भूकंपात होता आणि ज्यानं बातमी ऐकली, त्यांच्यात फरक करावाच लागतो. तुमची चुलती पहिल्यात येते.

हुरडा

मास्तर, मला या सगळ्याची भीती वाटते, म्हणून स्पष्ट विचारतो. आमच्या आजोबांनी पोलीस ॲक्शनच्या आधीच्या वर्षात रझाकारांची धाड पाहिली. गाव सोडून रातोरात सोलापूरच्या बाजूला पळाले. सप्टेंबर 1948 नंतर आमच्या भागात मुसलमानांच्या वस्त्यांवर जे झालं तेही त्यांनी पाहिलं आणि तेही ते सांगायचे. कागदावर यातलं काहीच नाही. "आठवण म्हणजे मेंदूनं घातलेली भर" असं एकदा ठरलं की उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, हे घडलंच नाही, म्हाताऱ्याचा भास आहे. ज्यांच्याकडं कागद नाही त्यांच्याकडं आठवणीशिवाय आहे काय?

वकील_धाराशिव

हुरडा, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि आमच्या कोर्टात तो रोज येतो.

उलटतपासणीत आम्ही हेच करतो. साक्षीदाराला विचारायचं, किती वाजले होते, आरोपीच्या अंगात कोणत्या रंगाचा सदरा होता, तू किती पावलांवर होतास. एक तपशील चुकला की म्हणायचं, हा खोटा साक्षीदार. सर्वोच्च न्यायालयानं 1983 मध्ये भारवाडा भोगीनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात यावर स्पष्ट लिहून ठेवलंय. साक्षीदाराची स्मृती फोटोसारखी असावी अशी अपेक्षा करता येत नाही, मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप परत लागत नसते, घटना अचानक अंगावर आलेली असते, वेळेचा अंदाज माणसागणिक बदलतो. म्हणून गाभ्याला धक्का न लावणाऱ्या बारीक विसंगतींवरून साक्ष फेकून द्यायची नाही. चाळीसेक वर्षं हा निकाल आम्ही उद्धृत करतोय.

तेव्हा "आठवण चुकते" याचा अर्थ "घटना घडली नाही" असा कायदाही काढत नाही आणि विज्ञानही नाही. तुमचे आजोबा गाव सोडून पळाले हा गाभा आहे. ती रात्र मंगळवारची होती की बुधवारची, यात ते चुकू शकतात. आणि एकाच गावातल्या दहा जणांनी, एकमेकांना न विचारता, वेगवेगळ्या शब्दांत तोच गाभा सांगितला तर तो पुरावा कागदापेक्षा कमी नाही.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती विसरली तर निरपराध माणूस आत जातो. आपल्या साक्षीच्या कायद्यात सरतपासणीत सूचक प्रश्न विचारायला मनाई आहे. म्हणजे स्वतःच्या साक्षीदाराला "तो पळत आला ना?" असं विचारता येत नाही, "काय झालं?" असं विचारावं लागतं. 1872 च्या कायद्यात हे होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. वकील झालो तेव्हा मला वाटायचं की ही शिकवलेली उत्तरं वदवून घेऊ नयेत म्हणून घातलेली अट आहे. पण प्रश्न आठवणच बदलतो हे एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगातून कळतं. 1974 मध्ये त्यांनी जॉन पामर यांच्यासोबत विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, एकमेकींना टेकल्या तेव्हा किती होता? फिल्म तीच. आदळल्या म्हटल्यावर सरासरी अंदाज ताशी 40.8 मैल आला, टेकल्या म्हटल्यावर 31.8. अशाच दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. जोरदार शब्द ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी "दिसली" म्हणून सांगितलं. साधा शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी.

ताई, तुम्ही चुलतीला कसं विचारलं होतं? "अंधार होता ना?" असं तर नाही ना?

तेरणाकाठची

नाही. मी फक्त "त्या पहाटेचं सांग" म्हटलं होतं. पण चुलत भाऊ शेजारीच बसलेला होता आणि मध्येमध्ये बोलत होता. आता वाटतंय त्याला बाहेर बसवायला हवं होतं.

गोदाकाठचा_मास्तर

नक्की बाहेर बसवा, कुणीही असो. 2003 मध्ये गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी जोड्या करून एकाच प्रसंगाच्या दोन बाजूंनी घेतलेल्या चित्रफिती दाखवल्या. आपण एकच फीत पाहिली असं जोडीतल्या दोघांना वाटत होतं. दोघांना आपसात बोलू दिल्यावर 71 टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली, जोडीदाराकडून ऐकलेली किमान एक गोष्ट "पाहिली" म्हणून सांगितली. गावात तर तीस वर्षं पारावर बोलणं चाललंय.

बालाघाटी

बीडकडचा आहे. आमच्या घरातलं सांगतो.

1972 चा दुष्काळ. आमची माय रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायची. लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) मिळायचा, त्याच्या भाकरी चिरायच्या, गिळायच्या नाहीत. लेकरांना सुकडी मिळायची. माझा धाकटा भाऊ हे सगळं असं सांगतो की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं: आपण मायच्या शेजारी खडीच्या ढिगावर बसलोय, ऊन लागतंय, मुकादम सुकडीचा पुडा देतो, तिची गोडसर चव. तो जन्मला 1974 ला.

तो लबाड नाही, हे मी छातीठोक सांगतो. माय रोज रात्री हेच सांगायची आणि तो मांडीवर असायचा. त्यात सुकडी पुढंही बरीच वर्षं बालवाडीत मिळायची, म्हणजे चव त्यानं घेतलेलीच आहे. मी त्याला कधी टोकलं नाही. पण त्याची नोंद करायची झाली तर काय करायचं, हाच ताईंसारखा प्रश्न.

डॉ_रेणापूर

बालाघाटी, जाँ पियाजे यांचं असंच आहे. लहान मुलांच्या विचारांचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला तेच. त्यांना आठवायचं की आपण बाबागाडीत असताना पॅरिसच्या रस्त्यावर एकानं आपल्याला पळवायचा प्रयत्न केला, दाईनं झुंज दिली, तिच्या तोंडावर ओरखडे उठले, पोलीस आला. सगळं डोळ्यांपुढं दिसायचं. ते पंधरा-एक वर्षांचे असताना त्या दाईनं पत्र लिहून कबूल केलं की ती गोष्ट तिनं रचली होती, आणि बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळ परत केलं. घरात ऐकलेल्या गोष्टीचं चित्र त्यांच्या मनानं तयार केलं होतं. दोन-अडीच वर्षांच्या आतलं मोठेपणी सहसा कुणालाच आठवत नाही, त्यामुळं त्या वयातली लख्ख आठवण दिसली की ती ऐकीव असण्याची शक्यता धरावी.

आणि मेंदूत हे होतं कसं तेही थोडं सांगते. आठवण एका जागी ठेवलेली नसते. पाहिलेलं, ऐकलेलं, वास, भीती हे मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत असतं आणि हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्यांची सांगड घालतो. आठवताना ही सांगड पुन्हा घातली जाते. एखादा तुकडा नसेल तर जवळपासचा, शोभणारा तुकडा येऊन बसतो. 2000 मध्ये करीम नादर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लदू यांनी उंदरांवर प्रयोग केला. भीतीची जुनी, पक्की झालेली आठवण जागी केली आणि त्याच वेळी मेंदूच्या अमिग्डाला या भागात प्रथिनं तयार होणं औषधानं रोखलं. ती आठवण नंतर दुबळी झाली. आठवण जागी न करता तेच औषध दिलं तर काही झालं नाही. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ कच्ची होते आणि परत पक्की व्हावी लागते. माणसाच्या रोजच्या आठवणींना हे जसंच्या तसं लावू नये. पण त्या कच्च्या वेळात कुणी "तू मनानं सांगायलीस" म्हटलं तर काय होत असेल याचा विचार करा.

हा दोष आहे असंही मला वाटत नाही. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना मागचं आठवत नाही, तसंच पुढं घडू शकणाऱ्या प्रसंगाचं चित्रही नीट रंगवता येत नाही, असं 2007 मध्ये डेमिस हसाबिस आणि सहकाऱ्यांना दिसलं. डॅनियल शॅक्टर आणि डोना रोझ ॲडिस यांचंही म्हणणं असंच आहे: जुने तुकडे सुटे करून नव्यानं जोडता येतात म्हणूनच आपण उद्याचा विचार करू शकतो. ज्या यंत्रणेनं चुलतीचा तपशील हलतो, तीच यंत्रणा तिला नातवाचं लग्न मनात पाहू देते.

औसा_रोड

तात्यांच्या मडक्यांबद्दल लिहायचं राहिलं. 1992 च्या ऑगस्टपासूनच किल्लारी परिसरात धक्के जाणवत होते. ऑक्टोबर 1992 मध्ये एक बराच मोठा बसला, त्यात काही घरांना तडेही गेले होते. लोक घाबरून बाहेर झोपायला लागले, पुढं सवय झाली आणि परत आत गेले. तात्यांची मडकी खरी असतील. फक्त वर्ष सरकलं असेल.

तेरणाकाठची

हे मला माहीतच नव्हतं! तात्यांकडं जाऊन येते. वर्ष विचारणार नाही, कारण ते 93 च म्हणतील. मडकी पडली तेव्हा घरात कोण कोण होतं ते विचारते.

नाथसागर

वाचत होतो, आता लिहितो. पैठणला असतो, महानुभाव वाङ्मयाचा थोडा अभ्यास आहे.

ताईंची अडचण आपल्या भाषेला नवी नाही. मराठी गद्याचा सुरुवातीचा मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, याच अडचणीतून तयार झाला. श्रीचक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी भक्तांकडं होत्या. म्हाइंभटांनी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्यांनी जे प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडं जाऊन त्या गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांपुढं ठेवून तपासून घेतल्या. त्यातल्या कित्येक लीळा आपल्याच गोदावरीकाठच्या आहेत. पुढं परचक्रात मूळ पोथ्या गेल्या आणि पाठ असलेल्या लोकांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. म्हणून हिराइसेचा पाठ वेगळा, परशरामबासांचा वेगळा.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढंच आहे. जिथं दोन स्मरणं जुळली नाहीत तिथं त्यांनी एक पुसून दुसरं ठेवलं नाही. "अमक्याच्या मते असं" म्हणून दोन्ही शेजारी नोंदवली. या पाठभेदांना ते वासना म्हणतात. स्वतःच्या गुरूविषयी, ज्याला ते परमेश्वर मानत होते त्याच्याविषयी लिहिताना त्यांनी ही शिस्त पाळली. आपल्याला गावाच्या वहीत का जमू नये?

काकूंचं काकूंच्या नावानं लिहा, आत्यांचं आत्यांच्या. आत होत्या, बाहेर होत्या हे लिहा. एक गोष्ट बनवायच्या मागं लागू नका.

बालाघाटी

वा. म्हणजे माझ्या भावाचंही लिहायचं, फक्त "मायकडून ऐकलेलं" असं वर घालून. त्याचं मन मोडत नाही आणि वाचणाऱ्याची फसवणूकही होत नाही.

हुरडा

हे पटलं. आजोबांच्या दोन कॅसेट आहेत, नव्वदीच्या दशकात मामानं भरलेल्या. त्या आधी फोनवर उतरवून घेतो.

वकील_धाराशिव

हुरडा, कॅसेट ऐकण्याआधी तुमच्या वडिलांना आणि आत्यांना आजोबा काय सांगायचे ते विचारून ठेवा. कॅसेट ऐकल्यावर ते कॅसेटमधलंच सांगतील. आणि मूळ कॅसेट फेकू नका.

गोदाकाठचा_मास्तर

ताई, मुलाखतीसाठी थोडं सांगतो. साक्षीदारांशी बोलायची एक पद्धत फिशर आणि गायसेलमन यांनी 1980 च्या दशकात बसवली, तिच्यातलं आपल्याला उपयोगी पडेल तेवढंच. आधी माणसाला त्या जागेत मनानं नेऊन बसवा. घराचं तोंड कुणीकडं होतं, चूल कुठं, कोण कुठं झोपलं होतं. जुन्या गावठाणात नेता आलं तर फारच चांगलं, पण त्यांची तयारी असेल तरच. मग "सांगा" म्हणून गप्प राहा. ते थांबले तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, बऱ्याचदा थांबल्यानंतरच काहीतरी येतं. प्रश्न सगळे शेवटी. "हे तुम्ही पाहिलं की नंतर कळलं?" हा एक प्रश्न मात्र चुकवू नका, आणि तो हळू आवाजात विचारा, झडती घेतल्यासारखा नको. "माहीत नाही" हे उत्तरही लिहून ठेवा.

एक खबरदारी. ज्यांची लेकरं गेली त्यांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच सांगायला लावू नका. आपल्या वहीपेक्षा त्या मोठ्या आहेत.

आणि एक लक्षात असू द्या. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याच्या आठवणींचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. त्यात दिसलं की जे विसरायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात विसरलं जातं, आणि जी चूक बसते ती पुढं बरेचदा तशीच सांगितली जाते. तीस वर्षांनी तुमच्यापुढं येतंय ते घट्ट झालेलं सांगणं आहे. एखादा माणूस दर वेळी तेच सांगतो म्हणून ते अचूक, असं धरता येणार नाही. त्या काळातलं काही मिळतंय का पाहा. कुणाची पत्रं, मदतीच्या याद्या, शाळेचं हजेरी रजिस्टर, ग्रामपंचायतीची दप्तरं.

तेरणाकाठची

तात्यांकडं जाऊन आले. मडकी पडली तेव्हा घरात कोण होतं म्हणून विचारलं. म्हणाले, "थोरली लेक बाळंतपणाला आलेली, तिच्या उशाशीच गाडगं फुटलं, मी आधी पोरीकडं धावलो." त्या नातवाचा जन्म दाखला घरातच होता. नोव्हेंबर 1992.

तात्यांना दाखला दाखवला नाही. फक्त म्हटलं, तात्या, आदल्या वर्षीही दिवाळीच्या आधी मोठा धक्का बसला होता म्हणतात. ते बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "असंल. पण मला दोन्ही एकच वाटतंय गं." वहीत मी त्यांचं सांगणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं, हे शेवटचं वाक्यही लिहिलं, आणि खाली वेगळ्या शाईनं दाखल्याची तारीख घातली.

चुलत भावाला औसा_रोड यांचा प्रतिसाद वाचायला दिला. तो काकूकडं जाऊन आला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. चुलती अजून रेकॉर्डिंगला हो म्हणालेली नाही आणि मास्तरांचं वाचल्यावर मी तिला परत विचारणारही नाही. तिनं पहिल्यांदा जेवढं सांगितलं तेवढं तिच्या नावानं ठेवते, "आतल्या खोलीत होत्या" असं वर लिहून. तेही तिला वाचून दाखवून आणि तिची परवानगी असेल तरच.

सास्तूरची_लेक

आजच सदस्य झाले, या धाग्यासाठीच. माझी आई त्या पहाटे सास्तूरला होती. आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण बोलते छान. तुमच्या वहीत दुसऱ्या गावचं चालेल का? चालत असेल तर रविवारी औशाला घेऊन येते.

तेरणाकाठची

चालेल, का नाही चालणार! या. दुपारच्या आधी या म्हणजे त्यांना ऊन लागणार नाही. फक्त तोवर हा धागा त्यांना वाचून दाखवू नका, आणि चांदण्याचं तर अजिबात काढू नका. रेकॉर्डिंगला तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात बसा, मी एकटीच त्यांच्याशी बोलते. त्यांना घरी काय म्हणतात, माय की आई, तेवढं सांगून ठेवा.